लाल दिसलं ते सगळं निघालं का? मेंदूची गाठ, ५-एएलए आणि ओटीतला निळा प्रकाश

स्लाइडवाली

नमस्कार मंडळी. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, गेली अकरा वर्षं जास्त करून मेंदूच्या गाठींचेच रिपोर्ट करते. ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, लागून आमची छोटी खोली असते, ऑपरेशन चालू असताना तुकडा येतो आणि तिथल्या तिथे बघून सर्जनला सांगायचं असतं की ही गाठ कसली वाटतेय. मागच्या महिन्यात कॉरिडॉरमध्ये एका पेशंटची बहीण भेटली, तिने माझा हात धरून विचारलं, मॅडम, लाल दिसत होतं ते सगळं निघालं ना? डॉक्टरांनी आधी त्यांना समजावलं होतं की औषध प्यायला देऊ, गाठ लाल चमकेल, मग ती काढता येईल. मी सर्जनकडे बोट दाखवून पुढे गेले, नियम तसाच आहे, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण लाल दिसणं आणि गाठ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे घरच्यांना आधी कुणी नीट सांगत नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात प्रकार काय तो. ५-एएलए म्हणजे ५-अमिनोलेव्हुलिनिक ॲसिड. पावडर पाण्यात विरघळवून भूल द्यायच्या साधारण तीन तास आधी पेशंटला प्यायला देतात, वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम. गाठीच्या पेशी त्याचं प्रोटोपोर्फिरिन-नऊ नावाचं द्रव्य करतात. मग कवटी उघडल्यावर ऑपरेटिंग मायक्रोस्कोपचा पांढरा दिवा बदलून निळा-जांभळा प्रकाश टाकला, म्हणजे ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा, की आजूबाजूचा मेंदू निळाशार दिसतो आणि गाठ निखाऱ्यासारखी लाल. मी स्वतः आत जाऊन दोनदा बघितलंय, अंगावर काटा येतो. पांढऱ्या उजेडात जिथे मला गाठ कुठे संपली आणि मेंदू कुठे सुरू झाला हे अजिबात कळत नव्हतं तिथे निळा दिवा लागला आणि कडा दिसायला लागली.

पण ती कडा खरी कडा नाही. आमच्याकडे एका केसला सर्जनने तीन डब्या पाठवल्या, वर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, लाल, गुलाबी, आणि चमक नाही. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा दोन काचांमध्ये दाबायचा, रंग द्यायचा आणि बघायचं, त्याला आम्ही स्क्वॅश म्हणतो. लालमध्ये पेशींची नुसती गर्दी, वेडेवाकडे केंद्रक, जाड झालेल्या रक्तवाहिन्या, शंकेला जागाच नाही. गुलाबीमध्ये मेंदू ओळखू येत होता पण त्यात गाठीच्या पेशी तांदळात खडे असावेत तशा पसरलेल्या. आणि चमक नाही म्हणून जी डबी आली त्यात वरवर सगळं नॉर्मल, मी खूप वेळ बघत बसले, मग एका कोपऱ्यात लांबट गडद केंद्रकाच्या तीन-चार पेशी. नंतर केआय-६७, म्हणजे वाढणाऱ्या पेशी रंगवणारी टेस्ट, लावल्यावर त्यातल्या दोन रंगल्या, म्हणजे त्या विभाजन करत होत्या. लाल संपलं होतं, गाठ संपली नव्हती.

पिंपळपान

ताई, छान लिहिलंय. मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो त्यामुळे माझी शंका वेगळी आहे. प्रोटोपोर्फिरिन तर हीम (रक्ताला लाल रंग देणारं लोहाचं संयुग) बनायच्या वाटेवरचा पदार्थ, आणि हीम शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी बनवते. मग गाठच का चमकते, शेजारचा मेंदू का नाही?

स्लाइडवाली

सर, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत, सगळी गोष्ट तिथेच आहे.

एरवी पेशी स्वतः ५-एएलए बनवते, मायटोकॉन्ड्रियात, ग्लायसिन आणि सक्सिनिल-कोए पासून, आणि त्या पहिल्याच पायरीवर ब्रेक असतो, हीम पुरेसं झालं की पायरी बंद. आपण बाहेरून ५-एएलए पाजतो तेव्हा तो ब्रेक ओलांडून थेट पुढच्या पायरीवर माल उतरवतो. पुढे एकेक करत शेवटी प्रोटोपोर्फिरिन-नऊ तयार होतं आणि अगदी शेवटचं काम म्हणजे त्यात लोह बसवायचं, ते फेरोचिलेटेज नावाचं एन्झाइम करतं. लोह बसलं की झालं हीम, आणि हीम चमकत नाही. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूची सगळ्यात जोमाने वाढणारी गाठ, तिच्या पेशींमध्ये हे फेरोचिलेटेज कमी असतं असं दिसलंय. म्हणजे माल येतोय, शेवटच्या टेबलावर लोह बसवणारा माणूस नाही, ढीग साचतो, तो ढीग लाल चमकतो.

त्याच्या आधीही एक दार आहे. ५-एएलए रक्तातून मेंदूत सहज जात नाही, ब्लड-ब्रेन बॅरियर अडवतो. जोमाने वाढणाऱ्या गाठीत नवीन रक्तवाहिन्या कच्च्या असतात, बॅरियर फुटलेला असतो, म्हणून औषध आत शिरतं. एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट दिल्यावर जो भाग पांढरा उजळतो तो बराचसा याच कारणाने, आणि म्हणूनच जो भाग तिथे उजळतो तोच बहुतेक वेळा ओटीत लाल दिसतो. शिवाय पेशीच्या भिंतीवर एबीसीजी२ नावाचा पंप असतो तो प्रोटोपोर्फिरिन बाहेर फेकतो, तो जोरात चालत असेल तर चमक कमी. पेशी किती दाट आहेत, किती वेगाने वाढतायत यावरही आहे. एकाच गाठीत दोन बोटांच्या अंतरावर हे सगळं बदलतं. अगदी मधला सडलेला भाग, नेक्रोसिस, तो चमकतच नाही कारण मेलेली पेशी काही बनवत नाही.

पिंपळपान

म्हणजे लोह बांधून ठेवणारं औषध दिलं तर चमक वाढायला हवी?

स्लाइडवाली

हो सर, प्रयोगशाळेत पेशींवर डेस्फेरिऑक्झामिनसारखं लोह बांधणारं द्रव्य टाकून तसं दाखवलंय. पेशंटमध्ये रोजचा वापर नाही.

सांजवारा

मी हा धागा वाचून रडले, खरंच. माझ्या भावाला डाव्या फ्रंटलमध्ये गाठ निघाली, वय ३१. फिट आली ऑफिसमध्ये. डॉक्टरांनी ५-एएलए वापरू म्हणाले, औषध महाग, आम्ही नातेवाइकांकडून पैसे गोळा करून आणलं आणि ऑपरेशननंतर बाहेर येऊन सांगितलं की काही चमकलंच नाही. एवढंच. पुढे काही समजावलं नाही. आई अजून म्हणते की औषध बनावट होतं किंवा वेळेवर दिलं नाही. बाबा तर भांडायला जाणार होते. रिपोर्टमध्ये ग्रेड २ ॲस्ट्रोसायटोमा, आयडीएच म्युटंट असं लिहिलंय. औषधच वाया गेलं का हो?

स्लाइडवाली

सांजवारा, तुझ्या आईला आधी हे सांग की औषध बनावट असायची काही गरज नाही, ग्रेड २ मध्ये बहुतेक वेळा असंच होतं. लो-ग्रेड ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींपासून झालेली संथ गाठ, पाचातला जेमतेम एखादा डोळ्याला चमकताना दिसतो. पेशी संथ वाढतात, विरळ असतात, बॅरियर बऱ्यापैकी शाबूत असतो, औषध आत फारसं जातच नाही. अमेरिकेत डार्टमथच्या गटाने प्रोब टेकवून मोजलं तेव्हा अशा काही गाठींमध्येही थोडं प्रोटोपोर्फिरिन सापडलं, पण ते डोळ्याला दिसण्याइतकं नव्हतं. आणि आयडीएच म्युटंट, म्हणजे आयडीएच नावाच्या जीनमध्ये बदल झालेल्या, गाठी ऑपरेशनमध्ये एकूणच कमी चमकताना दिसतात.

आता वाया गेलं का, तर माझं मत नाही. व्हिएन्नात गेऑर्ग विडहाल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास दाखवलं की ज्या गाठी एमआरआयवर लो-ग्रेड वाटतात त्यांच्यात एखादाच ठिपका चमकला तर तो बहुतेक वेळा तीच जागा असतो जिथे गाठ वरच्या ग्रेडकडे चाललीय. आम्हाला पॅथॉलॉजीत याचं फार मोल आहे. कारण सर्जनने शांत भागातला तुकडा पाठवला तर मी ग्रेड २ लिहिणार, आणि दोन सेंटिमीटर पलीकडे ग्रेड ३ बसलेला असेल तर पेशंटची पुढची सगळी ट्रीटमेंट चुकते. तुझ्या भावाच्या गाठीत कुठेच ठिपका दिसला नाही, त्याने माझा ग्रेड २ वरचा विश्वास थोडा वाढतो. शंभर टक्के नाही, थोडा. हे त्याच दिवशी तुम्हाला दोन मिनिटं बसवून सांगायला हवं होतं, त्याचं मला फार वाईट वाटतं.

सांजवारा

ताई खूप खूप आभार. आईला वाचून दाखवलं. ती दोनदा वाच म्हणाली.

घननीळ

मी न्यूरोसर्जरीचा रेसिडेंट आहे, तिसरं वर्ष. स्लाइडवाली मॅडमनी सगळं बरोबर लिहिलंय, फक्त टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते थोडं सांगतो.

निळा दिवा लावला की ओटीतले बाकीचे दिवे मंद करावे लागतात, आणि रक्ताचा पातळ थर जरी वर आला तरी लाल झाकलं जातं, मग धुवायचं, सक्शन, परत बघायचं. कडेच्या कपारीत प्रकाश पोचत नाही, तिथे गाठ असली तरी काळंच दिसतं. जास्त वेळ दिवा पाडून ठेवला तर चमक विरत जाते, निळ्या प्रकाशात पांढऱ्यापेक्षा कितीतरी लवकर. म्हणून पांढऱ्यात काढायचं, निळ्यात बघायचं, परत पांढऱ्यात, असं चालतं. व्हेंट्रिकल, म्हणजे मेंदूतली पाण्याची पोकळी, उघडला तर त्याची आतली भिंत कधीकधी चमकते, तिथे गाठ नसतानाही, नवीन माणूस फसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाल दिसतंय म्हणून काढायचं असं नसतं. बोलण्याच्या भागात किंवा हाताच्या भागात लाल असलं तर तिथे पेशंटला जागं ठेवून, बोलायला लावून, करंट देऊन तपासतात, आणि शब्द अडखळले की थांबतात. लाल समोर दिसत असताना हात मागे घ्यायचा हे फार अवघड असतं हो. आमचे सर म्हणतात ते मला पटतं, की चमक गाठ कुठे आहे ते सांगते, माणूस कुठे आहे ते नाही.

फ्लुरेसिनबद्दल पण लिहा मॅडम, कारण बऱ्याच ठिकाणी तेच वापरतात.

स्लाइडवाली

बरोबर, लिहायला हवं होतं. सोडियम फ्लुरेसिन म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर रेटिनाच्या अँजिओग्राफीला शिरेतून देतात तेच पिवळं औषध. स्वस्त. मेंदूच्या गाठीसाठी अमेरिकेत मिनेसोटामध्ये जॉर्ज मूर यांनी १९४७-४८ मध्येच ते वापरून बघितलं होतं, नंतर मायक्रोस्कोपला वेगळा पिवळा फिल्टर आल्यावर ते परत वर आलं. पण याचा स्वभाव अगदी निराळा. ५-एएलएचं लाल द्रव्य पेशी स्वतः आतमध्ये बनवते. फ्लुरेसिनला पेशीशी काही देणंघेणं नाही, बॅरियर जिथे फुटलाय तिथे ते गळतं आणि पेशींच्या मधल्या जागेत साचतं. म्हणजे गाठ असली तरी गळणार, सूज असली तरी थोडं गळणार, सर्जनच्या हाताने रक्तवाहिनी दुखावली तरी गळणार. अनुभवी माणसाच्या हातात ते उपयोगी आहेच, मी नाव ठेवत नाही. फक्त पिवळं म्हणजे गळती, लाल म्हणजे चयापचय, हे ध्यानात ठेवलं की पुढचा गोंधळ टळतो.

राईनकाठ

मी जर्मनीत राहतो, सासऱ्यांना ग्लायोब्लास्टोमा झाला तेव्हा हे सगळं वाचून काढलं होतं. या पद्धतीचं मोठं काम इथलंच, वाल्टर श्टुमर आणि सहकारी. २००६ साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत त्यांची ट्रायल आली. ५-एएलए वापरलेल्यांपैकी ६५ टक्के लोकांमध्ये एमआरआयवर उजळणारा सगळा भाग निघाला, साध्या पांढऱ्या उजेडात ३६ टक्के. सहा महिन्यांनी गाठ परत न वाढलेले ४१ टक्के विरुद्ध २१ टक्के. युरोपात २००७ मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत त्यानंतर दहा वर्षांनी, २०१७ मध्ये.

पण स्पष्ट बोलतो, एकूण आयुष्यात दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. सासरे सव्वा वर्षात गेले. सगळं लाल काढलं होतं त्यांचं. मग एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न माझा अजून आहे आणि मी तो रागाने विचारत नाहीये.

स्लाइडवाली

राईनकाठ, तुमच्या सासऱ्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. प्रश्न रास्त आहे.

ती ट्रायल मुळात आयुष्य मोजायला आखलेली नव्हती, उजळणारा भाग किती निघतो आणि सहा महिन्यांत परत येतो का हे बघायला होती. त्याच पेशंटांचं विश्लेषण नंतर २००८ मध्ये आलं, ज्यांच्यात उजळणारं काही उरलं नव्हतं ते मध्यकाने (मीडियन) १६.७ महिने जगले, ज्यांच्यात उरलं ते ११.८. त्यात गाठ सोप्या जागी असणं, वय कमी असणं याचा हात असतोच, तो त्यांनी गणितात धरायचा प्रयत्न केलाय. मला हा फरक खरा वाटतो. पाच महिने एखाद्या घरात काय असतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण गाठ परत का येते याचं उत्तर माझ्या तिसऱ्या डबीत आहे. १९२८ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी ग्लायोमासाठी मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल काढला, म्हणजे त्याहून जास्त काय काढणार, तरी गाठ परत आली. पेशी पांढऱ्या द्रव्याच्या तंतूंवरून चालत पलीकडे गेलेल्या असतात. त्या एकट्यादुकट्या पेशींभोवती बॅरियर शाबूत असतो, औषध पोचत नाही, पोचलं तरी एका पेशीचा उजेड डोळ्याला दिसत नाही. लाल दिसलं तर तिथे गाठ असण्याची शक्यता खूप जास्त, नव्वद टक्क्यांच्या वर. लाल नाही दिसलं तर गाठ नाही, हे मात्र त्या भरवशाने म्हणता येत नाही. म्हणून ऑपरेशननंतर रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध लागतं, सगळं लाल निघालं असलं तरी.

ओटीतली_सिस्टर

नर्सिंगच्या बाजूने एक दोन गोष्टी, कारण वॉर्डात याच चुका होतात. औषध प्यायल्यापासून २४ तास पेशंटची कातडी आणि डोळे उजेडाला नाजूक असतात. थेट ऊन नको, डोक्यावरचा प्रखर दिवा नको. आम्ही खिडकीचे पडदे ओढून ठेवतो आणि पलंगापाशी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावतो कारण रात्रपाळीची मुलगी येऊन ट्यूबलाइट लावते. एका पेशंटला हलवताना ट्रॉली उन्हात उभी ठेवली गेली आणि दुसऱ्या दिवशी कपाळ आणि नाक लालबुंद. घरच्यांनी ॲडमिट करतानाच सांगा की घरात कुणाला पोर्फिरिया (हीम बनण्यातला बिघाड) आहे का, असेल तर हे औषध देतच नाहीत. लिव्हरचा त्रास असेल तर तेही सांगा, नंतर लिव्हरची एन्झाइम्स थोडे दिवस वाढू शकतात.

रानमोगरा

माझ्या काकूंचं दुसरं ऑपरेशन होतंय, पहिल्यानंतर रेडिएशन झालं होतं. आता एमआरआयमध्ये परत उजळतंय. दुसऱ्या वेळी ५-एएलए तसंच काम करतं का?

स्लाइडवाली

रानमोगरा, करतं, पण इथे लाल वाचताना जास्त जपावं लागतं. रेडिएशनने मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होतात, सूज येते, मेलेल्या पेशींचा कचरा साफ करणाऱ्या पेशी गोळा होतात, आधारपेशी फुगतात ज्याला आम्ही ग्लायोसिस म्हणतो, आणि यातलं काहीही चमकू शकतं. माझ्याकडे अशी एक केस आली होती, सर्जनने फोनवर सांगितलं चांगलं लाल आहे, आणि काचेवर मला दिसल्या त्या काचेसारख्या जाड झालेल्या मेलेल्या रक्तवाहिन्या, फुगलेले ॲस्ट्रोसाइट, आणि गाठीच्या पेशी शोधून शोधून चार. तिथे फोनवर गाठ आहे म्हणून सांगून टाकणं सोपं होतं. मी अजून दोन तुकडे मागितले. तिसऱ्यात निघाली. तेव्हा काकूंच्या सर्जनना विचारा की मध्ये तुकडा पॅथॉलॉजीला पाठवणार आहात ना, एवढंच.

घननीळ

याला जोडून सांगतो, म्हणूनच नुसत्या चमकीवर कुणी विसंबत नाही. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अलियासगर मोइयादी यांच्या टीमने ५-एएलए आणि ऑपरेशन चालू असताना करायची अल्ट्रासाउंड दोन्हीवर बरंच लिहिलंय. अल्ट्रासाउंडला खोल दडलेलं दिसतं, चमकीला फक्त पृष्ठभागावरचं.

भटकंती७

माझा साधा प्रश्न. बाबांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. मी डॉक्टर नाही, कॉमर्सवाला आहे. लाल निघालं का हे विचारू नको, मग काय विचारू? मला खरंच सांगा कुणीतरी.

स्लाइडवाली

भटकंती, विचार की, जरूर विचार. फक्त तिथे थांबू नकोस. लाल काही ठेवलं का आणि ठेवलं असेल तर कुठे आणि का, हे विचार. बोलण्याच्या भागाजवळ ठेवलं असेल तर ती सर्जनने तुझ्या बाबांसाठी घेतलेली काळजी आहे, त्याला अर्धवट काम समजू नकोस. ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत एमआरआय होणार आहे का ते विचार, त्यानंतर केला तर जखमेची सूज उजळते आणि उरलेली गाठ कुठली आणि सूज कुठली हे कुणालाच कळत नाही. आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची वाट बघताना फक्त ग्रेडवर डोळा ठेवू नकोस. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानंतर आयडीएच बघितल्याशिवाय मोठ्या माणसात ग्लायोब्लास्टोमा हे नावच देता येत नाही, म्युटेशन असेल तर ती वेगळी गाठ, चाल वेगळी, चमक वेगळी. आयडीएच म्युटंट असेल तर १पी/१९क्यू (गुणसूत्रांचे हे दोन भाग गाठीत गायब आहेत का ही टेस्ट) झालं का ते विचार, ग्लायोब्लास्टोमा निघाला तर एमजीएमटी नावाच्या जीनची टेस्ट, कारण टेमोझोलोमाइडचा किती उपयोग होईल याचा अंदाज त्यावरून येतो. या टेस्टना वेळ लागतो, दहा-पंधरा दिवस धर, त्यात हयगय झाली असं समजू नकोस.

आणि एक. दुसरं मत घ्यायला टाटाला किंवा कुठेही जायचं झालं तर रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही, पॅराफिन ब्लॉक मागतात. मेणाचा छोटा चौकोन असतो, त्यात बाबांची गाठ असते. तो सही करून घ्यायचा, नंबर रिपोर्टशी जुळवून बघायचा, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवायचा नाही, मेण मऊ होतं. गेल्या मे महिन्यात माझ्याकडे नगरहून एक ब्लॉक आला तो प्लॅस्टिकच्या पिशवीला चिकटून आला होता.

भटकंती७

लिहून घेतलं सगळं ताई. ब्लॉकचं तर माहीतच नव्हतं. मंगळवारी सकाळी सातला औषध देणार आहेत, खोलीला पडदा नाहीये, मी घरून जाड चादर नेतोय खिडकीला लावायला.

ओटीतली_सिस्टर

चादर गडद रंगाची ने दादा. आणि वॉर्डातल्या सिस्टरना सांगून लाव, नाहीतर सकाळी काढून टाकतील.